फेरीचा आकडा

हेवीवेट बॉक्सिंगची एखादी मोठी लढत जवळ आली की वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर एक कोष्टक उगवतं. डावीकडे एकाचं छायाचित्र, उजवीकडे दुसऱ्याचं, दोघांच्याही भुवया सारख्याच चढलेल्या, आणि मधून खाली उतरत जाणारी मापं. वय, उंची, वजन, हातांचा पल्ला, छाती साधी आणि छाती फुगवून, दंड, मनगट, मूठ, कंबर, पोटरी. मला हे कोष्टक पाहिलं की हटकून लग्नाच्या पत्रिका आठवतात. छत्तीसपैकी किती गुण जुळले यावर जन्माची गाठ बांधणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना हा मामला तसा नवा नाही. फरक इतकाच, की तिथे दोघांचं जुळलं तर पेढे वाटतात आणि इथे दोघांचं बिनसावं म्हणून लोक तिकिटं काढतात. पत्रिकेत जसा हट्टीपणाचा रकाना नसतो, कोण रुसून बसणार आणि कोण समजूत काढणार हे कुठेच लिहिलेलं नसतं, तसाच या कोष्टकातही एक रकाना कायमचा राहून गेलेला आहे. मूठ किती इंचांची हे छापतात, पण ती मूठ नाकावर आदळल्यानंतर माणसाच्या मनात काय येतं, याचं माप कुणी घेतलेलं नाही.

तरीही कोष्टक छापून झालं की जाणकार मंडळी पुढे सरसावतात. कोण जिंकणार, हा एकच प्रश्न आठ-पंधरा दिवस पुरवून पुरवून खाल्ला जातो. एक म्हणतो, पहिल्या चार फेऱ्या तो उभा राहिला तर लढत लांबेल. दुसरा म्हणतो, उजव्या हाताचा ठोसा नेमका बसला तर मात्र अवघड आहे. तिसरा डोळे बारीक करून सांगतो की सगळं काही त्या रात्री कोण कसा उतरतो यावर अवलंबून आहे. ही वाक्यं मी अतिशय आदराने ऐकतो. कारण त्यांना हरवणं जगातल्या कोणत्याही मुष्टियोद्ध्याच्या आवाक्यातलं नाही. लढत लांबली, तर तो उभा राहिलाच होता. लवकर आटोपली, तर ठोसा नेमका बसला होता. चारही बाजूंनी दोर बांधून घेतलेल्या अशा चौकोनात उभं राहिलं की माणसाला स्वतःचा पराभव कधी दिसतच नाही.

त्यांचाही अगदीच दोष नाही म्हणा. बाकीच्या वजनी गटांना वरची मर्यादा असते. त्याहून जास्त भरलात तर तुम्ही बाहेर. हेवीवेटला फक्त खालची मर्यादा. आज व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये दोनशे पौंड, म्हणजे साधारण नव्वद किलो ओलांडले की मोकळं आकाश. त्या आकाशात शंभर-सव्वाशे किलोंची माणसं एकमेकांवर हात चालवतात. हलक्या गटांत कौशल्य फेरीमागून फेरी साठत जातं आणि शेवटी त्याची बेरीज करता येते. इथे अकरा फेऱ्यांची बेरीज बाराव्या फेरीतला एक ठोसा पुसून टाकतो, आणि उरलेलं गणित पंच दहापर्यंत आकडे मोजून पूर्ण करतो. अशा खेळात छातीठोकपणे काही सांगायला शहाणा माणूस कचरणारच.

माझे मामा असेच शहाणे होते. ते कोल्हापूरचे. बॉक्सिंगची एकही लढत त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती. पण शाहू महाराजांनी बांधवलेल्या आणि १९१२ साली पुऱ्या झालेल्या खासबाग मैदानाच्या उतरत्या बैठकीवर त्यांची निम्मी उमेद गेली होती. हलगी कडाडायला लागली, हौद्यातल्या तांबड्या मातीत जोड उतरली, पैलवानांनी एकमेकांच्या अंगाला माती लावून सलामी झडवली, की मामांच्या आसपासची दहा-बारा माणसं आधी आखाड्याकडे न बघता मामांकडे बघत. वर्तमानपत्रातल्या बॉक्सरांनाही ते हाच न्याय लावत. "छातीकडं पोरं बघत्यात," ते म्हणत. "आपण मान बघायची. आन् चाल. फोटूत चाल दिसत न्हाई, म्हनून नुस्ती मान." मग चष्मा कपाळावर सरकवून, पेपर नाकाजवळ नेऊन ते दोन्ही माना तपासत आणि निकाल देत. निकालानंतर क्षणभर थांबून, तपकिरीची चिमूट नाकपुडीपाशी नेता नेता म्हणत, "पर लेका, मातीत उतरल्यावर काय सांगता येत न्हाई." त्यांच्या प्रत्येक भाकितामागे हे एवढं येई आणि तेवढं मात्र दर वेळी बिनचूक ठरे.

या सावध मंडळींच्या जगात १९६०च्या सुमाराला लुईव्हिल नावाच्या अमेरिकन गावातून एक देखणा, तोंडाळ पोरगा आला. कॅशियस क्ले त्याचं नाव. पुढे जगाने त्याला मुहम्मद अली म्हणून ओळखलं. रोम ऑलिंपिकचं सुवर्णपदक गळ्यात घालून तो व्यावसायिक झाला आणि त्याने एक विलक्षण उद्योग आरंभला. तो फेरीचा आकडा सांगू लागला. प्रतिस्पर्धी पडणार, एवढंच नव्हे, अमुक फेरीत पडणार. आणि तेही यमक जुळवून. आपल्याकडे आकडे सांगणाऱ्यांची कधी वाण नव्हती, पण मटक्याच्या टपरीवरचा माणूस दुसऱ्याच्या पैशावर आकडा सांगे. हा स्वतःच्या जबड्यावर सांगत होता.

आर्ची मूर हा त्याचा थोडे दिवसांचा गुरू. १९६०मध्ये क्ले त्याच्या कॅलिफोर्नियातल्या तळावर शिकायला गेला, तेव्हा मूरने गुरुकुलाच्या रीतीप्रमाणे त्याला भांडी घासायला आणि झाडलोट करायला लावलं. पोरगा कंटाळला आणि पळाला. दोन वर्षांनी, १९६२च्या नोव्हेंबरात, हाच म्हातारा गुरू रिंगणात समोर उभा राहिला आणि शिष्याने जाहीर करून टाकलं: चौथी फेरी. चौथ्याच फेरीत मूर पडला. पुढच्या मार्चमध्ये डग जोन्सशी गाठ होती. क्ले आधी सहावी म्हणाला, मग लहर फिरली आणि चौथीवर आला. लढत दहाच्या दहा फेऱ्या चालली. तो गुणांवर कसाबसा जिंकला आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. हा प्रसंग मला फार आवडतो. जिंकलेल्या माणसाची हुर्यो उडाली. का, तर त्याचा आकडा चुकला! त्यावर त्याने काढलेली तोडही तितकीच गोड होती: सहा म्हणालो होतो, चार म्हणालो होतो, झाले की नाही दहा? जूनमध्ये लंडनला हेन्री कूपरसाठी त्याने पाचवी फेरी सांगितली. चौथीच्या शेवटी कूपरच्या डाव्या हुकने खुद्द भविष्यवेत्ताच दोरांपाशी बसला. पण उठला, आणि पाचव्या फेरीत कूपरची भुवई इतकी फाटली की पंचाला लढत थांबवावी लागली. आकडा बरोबर आला. मात्र तो येईपर्यंत ज्योतिषी स्वतःच ग्रहणातून जाऊन आला होता.

मग आला सॉनी लिस्टन. तुरुंगात बॉक्सिंग शिकलेला, फारसं न बोलणारा, आणि नुसत्या नजरेने समोरच्याचे गुडघे मऊ करणारा विश्वविजेता. आधीचा विजेता फ्लॉइड पॅटरसन याला त्याने दोनदा, दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत झोपवलं होतं. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीचला लढत ठरली. पैजांचा भाव क्लेच्या विरुद्ध सातास एक. शेहेचाळीस क्रीडापत्रकारांचं मत घेतलं, तर त्रेचाळीस जण लिस्टनच्या बाजूने. 'न्यूयॉर्क टाइम्स'ला ही लढत इतकी एकतर्फी वाटली की मुख्य बॉक्सिंग-वार्ताहराला पाठवण्याऐवजी रॉबर्ट लिप्साइट नावाच्या तरुण पोराला पाठवलं, आणि सांगितलं की मैदानापासून जवळच्या इस्पितळाचा रस्ता आधी पाहून ठेव. म्हणजे क्लेला तिकडे नेतील तेव्हा शोधाशोध नको. भाकितावर एवढी निष्ठा मी क्वचितच पाहिली आहे. कुणी कुणाच्या पराभवाचा रस्तासुद्धा आधी चालून यावं!

क्लेने आठवी फेरी सांगितली होती. लढतीच्या सकाळी वजनाच्या वेळी तो असा काही ओरडला, नाचला, अंगावर धावून गेला की त्याला तिथल्या तिथे अडीच हजार डॉलर दंड झाला. डॉक्टरांनी नाडी पाहिली. एरवी मिनिटाला चोपन्न पडणारे ठोके एकशेवीस पडत होते. डॉक्टरांचं निदान सरळ होतं: पोरगा मरणाच्या भीतीने सैरभैर झाला आहे. पुढे लिहिणाऱ्यांनी लिहिलं की ते सगळं नाटक होतं, लिस्टनला गोंधळात पाडण्यासाठी केलेलं. असेलही. पण एकशेवीस ठोके नाटकात पाडायचे म्हणजे नट फारच थोर असायला हवा. मला आपलं वाटतं की त्या सकाळी बावीस वर्षांचा तो मुलगा खरोखर घाबरलेला होता, आणि वाटतं तेव्हा तो मला अधिकच जवळचा होतो. त्रेचाळीस पत्रकारांच्या नाड्या त्या दिवशी कुणी पाहिल्या नाहीत. त्या शांतच असणार. त्यांचं काही पणाला लागलेलं नव्हतं. आकडा सांगायचा आणि मग छाती धडधडत त्या आकड्याच्या दिशेने चालत जायचं, हे एकट्या त्याच्या वाट्याला आलं होतं.

सातव्या फेरीची घंटा झाली तेव्हा लिस्टन आपल्या स्टुलावरून उठला नाही. खांदा दुखावल्याचं सांगितलं गेलं. आठवी म्हटलं होतं, सहाच भरल्या. या वेळी मात्र आकडा चुकल्याबद्दल कुणी हुर्यो उडवली नाही. लिप्साइटला इस्पितळाचा रस्ता लागला नाही.

माणसांची भाकितं अशी तोंडघशी पडू लागली की माणूस यंत्राकडे वळतो. मायामीचा मरे वोरोनर नावाचा रेडिओ-निर्माता होता. त्याने १९६७मध्ये आजवरच्या सगळ्या थोर हेवीवेट विजेत्यांची माहिती एका एनसीआर ३१५ संगणकात भरली आणि यंत्राकडून त्यांच्या लढती लावल्या. कोण कधी जन्मला, कधी वारला, याची पर्वा न करता. मेलेली माणसं जिवंत माणसांना ठोसे मारू लागली. त्यात विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जिम जेफ्रीजने अलीला हरवलं. अलीने वोरोनरवर दहा लाख डॉलरचा अब्रुनुकसानीचा दावा लावला! त्या काळात अलीला व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिल्यामुळे रिंगणाबाहेर काढलेलं होतं. ज्याला खऱ्या रिंगणात उतरायला बंदी, तो खोट्या रिंगणातल्या पराभवासाठी खऱ्या कोर्टात गेला, यात हसावं की गप्प बसावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तडजोड अशी झाली की अलीने सुमारे दहा हजार डॉलर घेऊन रॉकी मार्सियानोबरोबर एक लढत चित्रित करून द्यायची आणि निकाल संगणकाने ठरवायचा. मार्सियानो एकही लढत न हरता, एकोणपन्नासच्या एकोणपन्नास जिंकून, १९५६मध्ये निवृत्त झालेला. तो आता पंचेचाळिशीचा होता. त्याने चांगलं वीस किलो वजन उतरवलं, डोक्यावर टोप चढवला आणि १९६९मध्ये मायामीच्या एका बंद स्टुडिओत ही दोन अजिंक्य माणसं एकमेकांना हलक्या हाताने मारू लागली. सत्तरेक छोट्या छोट्या फेऱ्या चित्रित झाल्या. आधी हा पडला, मग तो पडला, मग पुन्हा हा. यंत्राचा कौल काहीही येवो, पडण्याचा एक तुकडा हाताशी असावा. कोण जिंकलं ते दोघांनाही सांगितलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात दोघांची चांगली गट्टी जमली म्हणतात, आणि ते पटण्यासारखं आहे. आपण कुणाला हरवलं आणि कुणाकडून हरलो हे ठाऊक नसलेल्या दोन पैलवानांइतकी निर्वैर जागा या खेळात दुसरी कुठे मिळणार? चित्रीकरण संपलं आणि ३१ ऑगस्टला, सेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, विमान कोसळून मार्सियानो गेला. २० जानेवारी १९७० रोजी शेकडो चित्रगृहांत पडदा उजळला तेव्हा तो त्यात जिवंत होता आणि तेराव्या फेरीत अलीला झोपवत होता. अली म्हणाला, तो संगणक अलाबामात बनलेला असणार. गोऱ्या-काळ्यांचा भेद जिथे हवेत मुरलेला होता, त्या राज्याचं नाव त्याने अचूक निवडलं होतं. युरोपातल्या प्रेक्षकांना दाखवलेल्या प्रतीत मात्र अली जिंकला. म्हणजे यंत्रसुद्धा शेवटी माझ्या मामांच्याच वळणावर गेलं.

यंत्र नको, शुद्ध तर्क घ्या. जो फ्रेझिअरने अलीला १९७१मध्ये हरवलं. केन नॉर्टनने १९७३मध्ये अलीचा जबडा मोडून त्याला हरवलं. आणि जॉर्ज फोरमन नावाच्या राक्षसी ताकदीच्या तरुणाने फ्रेझिअरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं, नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत आटोपलं. आता फोरमन आणि अली समोरासमोर आले तर? शाळेतल्या त्रैराशिकाचं उदाहरण इतकं सोपं नसे. फोरमन पंचविशीचा, चाळीस लढतींत चाळीस विजय, त्यांतले सदतीस नॉकआउट. अली बत्तिशीचा. झाईरचा हुकूमशहा मोबुटू याने प्रत्येकी पन्नास लाख डॉलर मोजले आणि किन्शासात लढत ठरली. फोरमनला सरावात भुवईवर जखम झाली, सप्टेंबरची लढत ऑक्टोबरच्या तीस तारखेवर गेली, आणि जगभरचे लेखक-पत्रकार महिनाभर काँगो नदीच्या काठी घाम पुसत अलीच्या जिवाची काळजी करत बसले. ही काळजी केवळ बोलण्यापुरती नव्हती. फोरमनच्या कोपऱ्यात, सल्लागार म्हणून, तोच आर्ची मूर होता. बारा वर्षांपूर्वी चौथ्या फेरीत पडलेला तो गुरू. लढतीआधी कपडे बदलायच्या खोलीत सगळे हात धरून प्रार्थना करत होते, तेव्हा मूर मनोभावे देवाची विनवणी करत होता की आपल्या जॉर्जच्या हातून अली मरू नये. भांडी घासायचं टाकून पळालेल्या शिष्यासाठी गुरूने शत्रूच्या तंबूत उभं राहून केलेली ही प्रार्थना मला साऱ्या बॉक्सिंगमधली सर्वांत हळवी गोष्ट वाटते. आणि भाकीत म्हणून पाहिलं तर सर्वांत चुकलेली.

अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी लढत किन्शासात पहाटे चार वाजता लावली होती. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेआठ होत होते. मामांनी आदल्या दिवशीच फोटोतली फोरमनची मान पाहून "ह्यो काय पडत न्हाई" म्हणून टाकलं होतं, अर्थात नंतरच्या त्या थांबण्यासकट. दुसऱ्या फेरीपासून अली दोरांना पाठ टेकून उभा राहिला आणि फोरमनला म्हणाला, मार. फोरमनने मारलं. पोटात, बरगड्यांवर, खांद्यांवर, दंडांवर. फेरीमागून फेरी, ओलसर उकाड्यात. आठव्या फेरीत त्याचे हात पाणी प्यालेल्या दोरखंडासारखे लोंबू लागले तेव्हा अली दोरांवरून बाहेर आला आणि चार-सहा ठोशांत मान खाली गेली. बातमी आली तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "म्हटलं न्हवतं?" आणि खरंच, त्यांनी म्हटलं होतं.

त्या लढतीभोवती आणखी एक भाकीत फिरत होतं. लेखक जॉर्ज प्लिम्प्टन तिथे होता. त्याच्या कानावर आलं की एका मांत्रिकाने सांगितलं आहे, थरथरत्या हातांची एक बाई फोरमनला गाठणार आणि त्याची शक्ती शोषून घेणार. अशी बाई कुणी पाहिली नाही. पण थरथरते हात पुढे साऱ्या जगाने पाहिले. १९८४मध्ये अलीला पार्किन्सनचं निदान झालं, आणि १९९६च्या जुलैत अटलांटा ऑलिंपिकची ज्योत पेटवताना मशाल धरलेल्या अलीचे हात थांबता थांबत नव्हते. मांत्रिकाला दिसलं ते खरं असावं. फक्त काळाचं आणि माणसाचं गणित त्याच्याकडून हुकलं. इतकी वर्षं डोक्यावर घेतलेल्या माराने ते दुखणं आणलं की नाही यावर वैद्यक अजून वाद घालतं. आपण मात्र चहाचा घोट घेत एखाद्याला सहज सातव्या फेरीत झोपवतो. तो झोपतो म्हणजे नक्की काय होतं, याचा विचार कपात चहा असेपर्यंत सहसा कुणी करत नाही.

फोरमनचंही पुढे ऐका. तो रिंगण सोडून धर्मोपदेशक झाला, दहा वर्षांनी परतला, जाड झाला, लोक हसले. ५ नोव्हेंबर १९९४ला, पंचेचाळिसाव्या वर्षी, किन्शासातलीच लाल चड्डी घालून तो सव्वीस वर्षांच्या मायकेल मूररसमोर उभा राहिला. कोपऱ्यात अँजेलो डंडी होता, जो किन्शासाला अलीच्या कोपऱ्यात होता. नऊ फेऱ्या फोरमनने मार खाल्ला आणि दहावीत एका उजव्या ठोशाने पुन्हा जगज्जेता झाला. मामा तोवर खूप थकले होते. फोटो दाखवला तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले. "मान हाय अजून," एवढंच म्हणाले. वीस वर्षं उशिरा का होईना, सिद्धान्त खरा ठरला.

पण भाकितांच्या दुनियेतली खरी मोठी रात्र म्हणजे ११ फेब्रुवारी १९९०. खरं तर ती रात्रही नव्हती. अमेरिकेत शनिवारची रात्र असावी म्हणून टोकियोत रविवारच्या भरदुपारी लढत लावली होती. माइक टायसन सदतीस लढतींत अजिंक्य. समोर बस्टर डग्लस. लास व्हेगासच्या बहुतेक पेढ्यांनी या लढतीवर पैजच घेतली नाही. सूर्य पूर्वेला उगवेल यावर कोण पैसे लावणार? मिराज नावाच्या कॅसिनोने तेवढा भाव लावला: बेचाळीसास एक. टायसनच्या कोपऱ्यातली माणसंही इतकी निर्धास्त होती की डोळ्याची सूज दाबायचं थंडगार लोखंडी साधन त्यांनी आणलंच नव्हतं. डोळा मिटायला लागला तेव्हा रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून तो डोळ्यावर धरायची वेळ आली.

दहाव्या फेरीत टायसन पडला. रांगत रांगत तो जमिनीवर पडलेलं आपलं माउथपीस चाचपू लागला, सापडलं, तोंडात घातलं तर ते उलटंसुलटं, एक टोक बाहेर लोंबणारं. जगातला सर्वांत भयंकर माणूस, सगळं काही संपल्यावर, आधी आपली वस्तू शोधत होता. ते दृश्य पाहताना कुणाचाही भाव डोक्यात राहत नाही.

आणि तरी गंमत पाहा. नऊ फेऱ्यांनंतरचे गुण पुढे जाहीर झाले. एका परीक्षकाने डग्लसला सहा गुणांनी पुढे ठेवलं होतं, दुसऱ्याकडे दोघे बरोबरीत होते, आणि तिसऱ्याच्या कागदावर टायसन एका गुणाने पुढे होता! माणूस समोर मार खातोय, डोळा मिटलाय, पाय लटपटतायत, पण भाकीत डोळ्यांपेक्षा बळकट असतं. बेचाळीसास एक हा भाव नुसता कॅसिनोच्या फळ्यावर नव्हता; तो परीक्षकांच्या पेन्सिलीत उतरला होता.

डग्लसच्या बाजूने मात्र एक भाकीत आधीच झालेलं होतं. त्याची आई, लुला पर्ल, आपल्या ओहायोतल्या शहरात भेटेल त्याला सांगत सुटली होती की माझा पोरगा टायसनला हरवणार. लढतीच्या तीन आठवडे आधी ती अचानक वारली. तिने हातांचा पल्ला मोजला नव्हता, मनगटाचा घेर पाहिला नव्हता, आणि तिच्या वाक्यात 'जर' नव्हतं. आयांची भाकितं एरवी कुणी हिशोबात धरत नाही, कारण प्रत्येक बॉक्सरला आई असते आणि दोघींचं एकदम खरं होऊ शकत नाही. पण निदान त्या बेधडक तरी असतात. आठ महिन्यांनी इव्हॅन्डर होलिफिल्डने डग्लसला तिसऱ्याच फेरीत झोपवलं. तेव्हा त्याच्यासाठी बोलायला आई उरली नव्हती.

तर आता पुन्हा एक मोठी लढत येते आहे. कधी ना कधी येतच असते. कोष्टक छापून येईल, माना ताठ होतील, जाणकार 'जर'ची चिलखतं चढवतील. लास व्हेगासला झाली तर आपल्याकडे रविवारची सकाळ असेल, रियाधला झाली तर शनिवारची उत्तररात्र. मला विचाराल, तर जो हरणार असं सगळे म्हणत आहेत त्याच्यावर माझी भिस्त, नववी फेरी. कारण विचारू नका. तुमचंही जे काही मत असेल ते आजच एका कागदावर लिहा. नाव लिहा, फेरी लिहा, तारीख घाला आणि घरातल्या कुणाची तरी सही घ्या. पेन्सिलीने नको, शाईने. निकाल लागल्यावर "मी म्हटलंच होतं" म्हणत जो फोन करील त्याला एवढंच विचारा: कितव्या फेरीत?